‘कार्मिला’ आणि लेखकाची माघार

रक्त पिणाऱ्या पिशाचाची गोष्ट, आणि तीही प्रेमकथा, असें म्हटलें कीं आमच्याकडील सुशिक्षित घरांत एक तर लोक हंसतात, नाहीं तर पुस्तक मुलींच्या हातून काढून घेतात. ‘कार्मिला’ या लहानशा इंग्रजी कादंबरीच्या बाबतींत या दोन्हींपैकीं कांहींच होऊं नये अशी आमची इच्छा आहे. डब्लिनच्या शेरिडन ले फानू (१८१४–१८७३) या आयरिश लेखकानें ती लिहिली. १८७१-७२ सालीं ‘द डार्क ब्लू’ नांवाच्या मासिकांत ती क्रमशः आली आणि १८७२ सालींच ‘इन अ ग्लास डार्क्ली’ या त्याच्या कथासंग्रहांत समाविष्ट झाली. ब्रॅम स्टोकरचा ‘ड्रॅक्युला’ १८९७ चा. म्हणजे ज्या पुस्तकानें रक्तपिशाच घरोघर पोंचविलें त्याच्या पंचवीस वर्षें आधींच हें स्त्रीरूपी पिशाच जन्मास आलें होतें. त्याचें वैशिष्ट्य असें कीं तें तरुण मुलींवर प्रेम करतें, आणि जी मुलगी ही हकीकत सांगते तिच्या मनांतही त्या प्रेमाला प्रतिसाद उठतो. असें कांहीं त्या काळीं छापलें गेलें याचेंच पुष्कळांस इतकें नवल वाटतें कीं पुस्तकाची परीक्षा करण्याचें राहूनच जातें. आम्हीं तें दोनदां वाचलें. पहिल्या अर्ध्या भागानें जी आशा लावली ती दुसऱ्यानें मोडली. आणि ती ज्या रीतीनें मोडली तिच्याविषयीं बोलणें जरूर वाटतें.

कथा थोडक्यांत अशी. ऑस्ट्रियाच्या स्टिरिया प्रांतांत, वस्तीपासून कोसचे कोस दूर, अरण्यांतल्या एका जुन्या गढींत लॉरा नांवाची एकोणीस वर्षांची मुलगी राहते. आई लहानपणींच वारलेली. वडील इंग्रज, ऑस्ट्रियाच्या नोकरींतून निवृत्त झालेले. सोबतीला दोन शिक्षिका. बरोबरीचें माणूस कोणी नाहीं. जनरल स्पील्सडोर्फ यांची भाची पाहुणी म्हणून येणार, तिची-आपली मैत्री होणार, या एका आशेवर लॉरानें दिवस काढलेले असतात. तोंच ती मुलगी वारल्याचें पत्र येतें. त्याच संध्याकाळीं, चांदणें पडलें असतां, गढीपुढच्या रस्त्यावर एक घोडागाडी कलंडते. आंतून एका मूर्च्छित मुलीला बाहेर काढतात. आणि तिची आई म्हणविणारी स्त्री, आपला प्रवास जीवनमरणाचा आहे असें सांगून, मुलीला तीन महिन्यांसाठीं लॉराच्या वडिलांच्या हवालीं करून निघून जाते. जातांना ती बजावते कीं आम्ही कोण, कोठल्या, कोठें चाललों, याविषयीं माझी मुलगी कांहीं बोलणार नाहीं. ही मुलगी कार्मिला. तिच्या खोलींत पाऊल टाकतांच लॉरा जागच्या जागीं थबकते, कारण सहा वर्षांची असतांना एका रात्रीं आपल्या बिछान्यापाशीं जो चेहरा तिनें पाहिला होता तोच हा असतो. कार्मिला तिला म्हणते कीं बारा वर्षांपूर्वीं मीही तुला स्वप्नांत पाहिलें आहे.

येथून पुढच्या पांच-सहा प्रकरणांत ले फानूनें जें लिहिलें आहे तें पहिल्या प्रतीचें आहे, आणि तसें म्हटल्यावांचून पुढचा दोष दाखविण्याचा अधिकार आम्हांस पोंचत नाहीं. कार्मिला दुपार टळल्यावर उठते, पेलाभर चॉकोलेट घेते, चार पावलें चालली कीं दमते, रात्रीं खोलीचें दार आंतून बंद करून घेते. खेड्यांतल्या एका मुलीची प्रेतयात्रा जात असतां चाललेलें भजन तिला सहन होत नाहीं. घरांतलें एक काजळलेलें जुनें चित्र साफ होऊन येतें तों त्यांत १६९८ सालची मिर्काला कार्नस्टाइन नांवाची उमरावीण दिसते. चेहरा हुबेहूब कार्मिलाचा, गळ्यावरच्या तिळासकट. आणि लॉरा काय करते? तें चित्र आपल्या खोलींत लावण्याची परवानगी ती वडिलांपाशीं मागते. भयकथेंत असा प्रसंग घालावयास मोठें धैर्य लागतें. भयाचा पुरावा हातीं आला असतां मुलगी तो उशाशीं टांगून घेते. तिच्या मनाची अवस्था सांगावयास आणखी एकही वाक्य नको होतें.

पण ले फानू तेवढ्यावर थांबत नाहीं. कार्मिला लॉराचा हात हातांत घेते, तिच्या केंसांशीं खेळते, तूं माझी आहेस अशा अर्थाचें आवेगानें बोलते; आणि लॉरा प्रामाणिकपणें कबूल करते कीं त्या वेळीं आपल्याला सुखही वाटे आणि किळसही वाटे, ओढही वाटे आणि भीतिही वाटे. ती विचार करते कीं स्त्रीवेषानें घरांत शिरलेला हा कोणी तरुण प्रियकर तर नव्हे? आणि लगेच तिला पटतें कीं तसेंही नाहीं, कारण पुरुषांच्या आर्जवाची रीत निराळी. म्हणजे जें आपल्यापुढें उभें आहे त्याला काय म्हणावें हेंच तिला ठाऊक नाहीं. तिच्या भाषेंत त्यासाठीं शब्द नाहीं, आणि ज्यांना विचारावें अशी माणसें घरांत नाहींत. आमच्या मतें कादंबरीचा सगळा जीव या ठिकाणीं आहे.

नांवाचा हा प्रश्न लेखकानें सर्वत्र पेरून ठेविला आहे. कार्मिला आपल्याविषयीं तीनच गोष्टी सांगते: नांव कार्मिला, कुळ प्राचीन व थोर, घर पश्चिमेकडे. या पिशाचाला आपल्या मूळ नांवाचींच अक्षरें उलटींसुलटीं करून वावरावें लागतें असा नियम पुढें सांगितला आहे: मिर्काला, मिलार्का, कार्मिला. (हा खेळ देवनागरींतही बहुतेक तसाच साधतो, ही एक गंमत.) ज्या कथेंत नांव विचारावयाचें नाहीं अशी तंबी प्रारंभींच मिळते, त्या कथेंत वाचक शेवटपर्यंत त्या एका नांवाची वाट पाहतो. तें नांव केवळ वंशावळींतलें नव्हे. या मुलीला लॉराकडून खरोखर काय हवें होतें, आणि लॉराला तिच्याकडून काय, याचें तें नांव.

मध्यें एकदां लेखक त्याच्या अगदीं जवळ येऊन पोंचतो. कार्मिला आपल्या पहिल्या नृत्यसमारंभाची आठवण सांगते: त्या रात्रीं बिछान्यांत माझ्यावर प्राणघातक हल्ला झाला, छातीला जखम झाली, तें प्रेमच होतें, पण क्रूर आणि विलक्षण, त्यांत माझा जीव जावयाचा. एवढें बोलून ती गप्प होते. जें आज ती लॉराला करीत आहे तेंच एके काळीं कोणीं तरी तिला केलें होतें. तो कोण, कीं ती कोण? त्या रात्रीपूर्वीं ही मुलगी कशी होती? शिकाऱ्याची शिकार कशी झाली, ही हकीकत सांगावयास ले फानूपाशीं निम्मी कादंबरी शिल्लक होती. त्यानें ती जनरलसाहेबांना देऊन टाकली.

हे जनरल येतात तेव्हांपासून पुस्तक उताराला लागतें. कार्नस्टाइनच्या उजाड गांवाकडे जातांना ते आपल्या भाचीच्या मृत्यूची हकीकत सांगूं लागतात, आणि ती अकराव्या प्रकरणापासून चौदाव्यापर्यंत चालते. मुखवट्यांचा समारंभ, एक अनोळखी उमरावीण, तिची मुलगी मिलार्का, तीच विनवणी, तेंच आजारपण. वाचकाला सारें अगोदरच कळलेलें असतें. लॉरालाच काय तें कळावयाचें असतें, आणि तिला तें कळतें कीं नाहीं हें सांगण्याची तसदी लेखक घेत नाहीं. पडक्या देवळांत कार्मिला हंसत आंत येते, लॉरा तिला पाहून हंसून मान लववते, आणि त्याच क्षणीं जनरल कुऱ्हाड उगारतात. कार्मिला त्यांचें मनगट पकडते आणि नाहींशी होते. एवढें डोळ्यांदेखत घडल्यावर लॉरा घरीं परतते, कार्मिलाचा कांहीं पत्ता नाहीं हें कळून तिचा जीव खालींवर होतो. भयानें कीं ओढीनें, तें गुलदस्तांतच राहतें.

त्यानंतर जें येतें त्यानें आमचा सर्वांत अधिक विरस झाला. थडगें उघडतात, शवपेटींत सात इंच रक्त, हृदयांत मेख ठोकतात, शिर कापतात, देह जाळून राख नदींत सोडतात. पण हें लॉरानें पाहिलेलें नाहीं. वडिलांपाशीं सरकारी चौकशीच्या अहवालाची नक्कल आहे, तिच्यावरून आपण हें लिहिलें असें ती स्वतःच सांगते. जिच्या श्वासाची ऊब हिनें पानेंच्या पानें वर्णिली, तिचा अंत हिनें दफ्तरांतल्या कागदावरून उतरून घ्यावा! एखाद्या थोर लेखकाच्या हातीं ही गोष्ट भयंकर उपरोधाची झाली असती. ले फानूच्या हातीं ती सोय झाली आहे. मग बॅरन फोर्डेनबुर्ग नांवाचे एक वृद्ध गृहस्थ पिशाचांच्या उत्पत्तीवर व्याख्यान देतात, आणि कादंबरी पाठ्यपुस्तकासारखी आटोपते. आधीं वैद्य आला तेव्हांही हाच प्रकार: तो वडिलांशीं बाजूला कुजबुजतो, मुलीनें विचारलें तर एक-दोन दिवसांत कळेल असें उत्तर मिळतें. आमच्या परिचयांतील एका पदवीधर मुलीनें हें पुस्तक वाचून परत देतांना एकच प्रश्न केला: “सगळ्यांनीं मिळून लॉराला वांचविलें, पण तिला कोणी कांहीं विचारलें कां?” परीक्षणाच्या दृष्टीनें या प्रश्नांत बहुतेक सारें येऊन गेलें.

आमच्या मराठवाड्यांतल्या वाचकाला ही उणीव अधिक जाणवावी याला एक कारण आहे. आमच्याकडे भुतांचा तुटवडा नाहीं. हडळ, जखीण, लांवसट, मुंजा, खवीस, वेताळ, अशी मोठी बिरादरी आहे, आणि त्यांतल्या बहुतेकांच्या मागें एखादी अपुरी राहिलेली इच्छा किंवा अवेळीं आलेलें मरण असतें. ज्या माणसाला भूत लागतें त्याला खेड्यांत ‘झाड’ म्हणतात. झाड घुमूं लागलें कीं देवऋषी काय करतो? पहिल्याप्रथम विचारतो: तूं कोण? कोठचा? कां धरलेंस? काय हवें तुला? मग तें बोलतें, मागणें मागतें, घासाघीस होते, कबुली होते, आणि मग त्याची बोळवण. देवऋषीपणाची तरफदारी आम्ही करीत नाहीं. त्या मारझोडींत आणि फसवणुकींत किती बायकांचे हाल झाले आहेत तें आम्हांस ठाऊक आहे. आम्ही गोष्टीच्या रचनेविषयीं बोलत आहों. आमच्या गोष्टींत भुताला बोलण्याची पाळी मिळते. सोमदेवाच्या ‘कथासरित्सागरां’तला वेताळ तर प्रेतांत बसून राजालाच कोडीं घालतो, आणि राजाला उत्तर द्यावें लागतें. ले फानूच्या गढींत मात्र पिशाचाला कोणी विचारीत नाहीं, आणि ज्या झाडाला तें लागलें त्यालाही नाहीं. थेट मेख.

कथेंतलें प्रेम सफल व्हावें, दोघीजणी सुखानें नांदाव्या, असा आमचा हट्ट नाहीं. अंबाजोगाईच्या योगेश्वरीची कथा आमच्या जिल्ह्यांत घरोघर ठाऊक आहे. देवीचें लग्न परळीच्या वैजनाथाशीं ठरलें, वऱ्हाड निघालें, पण मुहूर्त टळला, आणि वऱ्हाड होतें तेथेंच पाषाणाचें झालें. गांवाजवळच्या हत्तीखान्यांतले दगडी हत्ती त्या वऱ्हाडांतलेच असें लोक सांगतात. लग्न मोडल्याची ही गोष्ट आहे, आणि तरी तींत नवरीची विटंबना नाहीं. ती कुमारिका राहिली, तेथेंच राहिली, आणि दूर कोंकणांतल्या कुळांची कुलस्वामिनी झाली. दगड झालें तें वऱ्हाड. हें शिल्प ज्या लोकमानसानें घडविलें त्याला विफल इच्छेचीही प्रतिष्ठा राखतां येत होती. ले फानू तिला अहवालांत गुंडाळतो.

येथें कोणी म्हणेल कीं लेखकाला त्याच्या काळाबाहेर ओढून न्याय करणें बरोबर नव्हे. त्या काळीं असा शेवट केल्यावांचून हें छापलेंच गेलें नसतें. हा आक्षेप वजनदार आहे. ज्या साम्राज्याच्या प्रजेंत ले फानू होता त्यानेंच १८६० सालच्या भारतीय दंडविधानांत ३७७ वें कलम घातलें, आणि प्रौढांच्या परस्परसंमतीच्या संबंधांपुरतें तें दूर व्हावयास आमच्या सर्वोच्च न्यायालयाचा ६ सप्टेंबर २०१८ चा निकाल यावा लागला. असा तो काळ होता हें खरें. परंतु त्याच काळांत, त्याच मासिकांत, त्याच वाचकांपुढें ले फानूनें कार्मिलाचे आवेग आणि लॉराची कबुली छापून दाखविली आहे. दार त्यानें स्वतः उघडलें होतें. मेख ठोकूनही लॉराला चार पानें बोलूं देतां आलीं असतीं. तीं चार पानें लिहावयास कायदा आड येत नव्हता. पिशाचाच्या आडून जें सांगावयाचें तें सांगून झालें, आणि तें खरेंच वाटूं लागलें असें दिसतांच लेखक घाबरला व वडीलधाऱ्या पुरुषांच्या मागें जाऊन उभा राहिला, असेंच आमचें मत झालें आहे.

शंभर वर्षांनंतर, १९७६ त, ॲन राइस या अमेरिकन लेखिकेनें ‘इंटरव्ह्यू विथ द व्हँपायर’ लिहून पिशाचालाच बोलतें केलें. तें बोलतेंही फार, पण दोन पुरुषांमधील ओढ स्पष्ट शब्दांत सांगण्याचें काम तिनेंही पुष्कळसें वाचकावर सोडलें. मराठींत पाहावें तर नारायण धारपांनीं ‘लुचाई’ त रक्तपिशाच आणलें, तें स्टीफन किंगच्या कादंबरीच्या आधारानें, आणि उत्तम रीतीनें आणलें; परंतु या प्रेमाशीं त्याचा संबंध नाहीं. तो विषय विजय तेंडुलकरांनीं १९८१ सालच्या ‘मित्राची गोष्ट’ या नाटकांत हातीं घेतला. तेथें पिशाच नाहीं, गढी नाहीं. स्वातंत्र्यापूर्वींचें एक कॉलेज आहे आणि नमावर जीव जडलेली सुमित्रा आहे. रोहिणी हट्टंगडी यांनीं ती भूमिका केली. शेवट तेथेंही मृत्यूच. पण सुमित्राला कोणी तरी विचारतें; बापू हा तिचा मित्र तिचें ऐकून घेतो, पुरतें समजत नाहीं तरी ऐकतो, आणि नाटक त्या ऐकण्यावर उभें आहे. एका मरणानें आम्ही अस्वस्थ होतों, दुसऱ्यानें नुसते निराश. फरक एवढाच, पण तो लहान नव्हे.

एक गोष्ट जातां जातां. कार्मिलाच्या आगमनानंतर आसपासच्या खेड्यांत तरुण बायका पटापट मरूं लागतात: डुकरें राखणाऱ्याची बायको, रानाच्या रखवालदाराची मुलगी. त्यांच्यासाठीं आर्जव नाहीं, महिनोन्महिने चाललेली प्रीति नाहीं. पिशाच झटपट त्यांचा निकाल लावतें, आणि कादंबरी त्यांचीं नांवेंही विचारीत नाहीं. प्रेमाचे सोपस्कार गढींतल्या मुलींपुरते. ज्या जिल्ह्यांतून दरवर्षीं लाखों माणसें बायकामुलांसह ऊसतोडीला बाहेर पडतात, तेथल्या वाचकाची नजर या बिननांवाच्या मुलींवर अडखळल्यावांचून राहत नाहीं.

असें असूनही आम्ही हें पुस्तक वाचूं नका म्हणत नाहीं. सोळा लहान प्रकरणें आहेत, एका रात्रीचें काम. प्रस्तावनेंतला संपादक सांगतो कीं लॉराशीं पुन्हां पत्रव्यवहार करावा अशी आपली इच्छा होती, पण तोंवर ती वारली होती. तिला विचारूं इच्छिणारा एकच माणूस भेटला आणि तोही उशिरां आला. ही ओळ बहुतेक वाचक ओलांडून पुढें जातात. आणि अगदीं शेवटीं, वर्षाहून अधिक काळ इटलींत हिंडून परत आलेली लॉरा लिहिते कीं कार्मिला अजून आठवते, कधीं ती गोड सुस्त मुलगी म्हणून, कधीं देवळांत पाहिलेलें तें पिशाच म्हणून. आणि कित्येकदां दिवाणखान्याच्या दारापाशीं तिचें हलकें पाऊल वाजल्याचा भास होऊन ती दचकते. काय टाकून दिलें हें ले फानूला पुरतें ठाऊक होतें, याचा हा पुरावा. ठाऊक नसतें तर आम्हीं एवढा राग धरला नसता.

कोणी हें मराठींत आणूं म्हणेल तर त्याची कसोटी एका शब्दाशीं लागेल. कार्मिला लॉराला काय म्हणून हाक मारील? ‘मैत्रीण’ म्हटलें तर सारें झाकून जाईल. ‘सखी’ म्हटलें तर जात्यावरच्या ओव्यांपासून आमच्या बायकांनीं तो शब्द इतक्या नात्यांना लावला आहे कीं कोणाच्या भुंवया वर जाणार नाहींत. आणि अनुवादकालाही ले फानूसारखें आडोशाला उभें राहतां येईल. आम्हांस ‘सखी’ च आवडेल, पण पुढच्या वाक्यांत अनुवादकानें तिचा अर्थ पातळ करूं नये.